नायिकेची पट्टी

दिवाळी अंकाच्या संपादकांनी लिहिलं, 'रंगभूमीवरच्या तुमच्या सोनेरी आठवणी पाठवा.' रंगभूमीवर मी कधी गेलोच नाही. मी बसायचो तिच्या खाली, प्रेक्षकांकडे पाठ करून, पायपेटीचा भाता पायाने हाणत. सगळे राजे आणि राण्या मी खालून पाहिल्या, त्यामुळे कोणाच्या नाकपुड्या केवढ्या होत्या हे मी आजही बिनचूक सांगू शकतो. सोनेरी म्हणावं असं तिथे फक्त मुकुटाच्या बेगडीत होतं. पण दिवाळीत कोणी मागितलं तर नाही म्हणू नये, म्हणून लिहितो.

आमची संगीत नाटक मंडळी नंदुरबारची. तेव्हा आमचा जिल्हा धुळ्याचाच होता. मालक छगनशेठ हे जिनिंगवाले. सरकी आणि संगीत या दोन गोष्टींत त्यांचा जीव होता आणि दोन्हींत त्यांना सारखंच कळत होतं. दसऱ्याला मंडळी बाहेर पडायची ती आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, परतायची. रेल्वेने नवापूरपर्यंत, बैलगाडीने तापीकाठच्या गावांत, कधी मालट्रकमध्ये पडद्यांच्या वळकट्यांवर बसून शहादा, तळोदा. एकदा तर थेट धडगावपर्यंत.

नाटकात पेटीवाल्याचं काम काय असतं हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. लोकांना वाटतं, नट गातो आणि पेटीवाला त्याच्या मागून जातो. खरं तर पेटीवाला त्याच्या अर्धं पाऊल पुढे असतो. नट गद्य बोलता बोलता पदाच्या जवळ येतो, तेव्हा पेटीतून हलकेच षड्ज निघाला पाहिजे. तो त्याच्या कानात पडला की नट त्यावर पाय ठेवून गाण्यात शिरतो. तो चुकला, घसरला, त्याचा दम संपला, की भाता जोरात मारायचा आणि पेटीचा आवाज त्याच्या अंगावर पांघरुणासारखा टाकायचा. लोक म्हणतात, वा, काय साथ केली. आम्हाला ठाऊक असतं की ती साथ नव्हती, झाकपाक होती.

आता पट्टी म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. पेटीवर काळ्या आणि पांढऱ्या पट्ट्या असतात. गाणारा माणूस त्यातली जी पट्टी 'सा' धरतो, ती त्याची पट्टी. काळी एक, काळी दोन या साधारण पुरुषांच्या. काळी चार, काळी पाच या बायकांच्या. चपलेचं माप असतं तसं हे गळ्याचं माप आहे. दुसऱ्याच्या मापाची चप्पल घालून चालता येतं, पण पाहणाऱ्याला ते कळतं. आमच्या मंडळीचा रिवाज असा की पट्टी नायिकेची. नायक, विदूषक, कोरस, सगळ्यांनी नायिकेच्या पट्टीतच काय ते बसवायचं. आणि नायिका आजारी पडली, तर बदली उभी राहणाऱ्यानेही तिच्याच पट्टीत गायचं. बदलीने जागा राखायची असते, जागेवर बसायचं नसतं, असं आमचे जुने लोक म्हणत.

मोठ्या शहरांतल्या मंडळ्यांत म्हणे प्रत्येक मोठ्या भूमिकेला तालीम दिलेला राखीव माणूस असे. आमच्याकडे बदली म्हणजे जो जवळ उभा असेल तो. धडगावला जाताना घाटातच आमच्या सेनापतीला हिवताप चढला. खेळाच्या वेळी तो गोधडीत दात वाजवत पडलेला. शेठनी सामानाच्या पेट्या सांभाळणाऱ्या भिलाला सेनापतीचा अंगरखा चढवला. भिला अंगाने आडदांड, आवाज ढोलासारखा, भाषण मात्र एकही पाठ नाही. प्रवेश आला, त्याने तलवार उपसली, दोन्ही पाय रोवले आणि गरजला, "म्हसावद! ब्राह्मणपुरी! सुलतानपूर! प्रकाशा!" पुढे आठवतील तेवढ्या गावांची नावं त्याने रागाने घेतली आणि तो विंगेत निघून गेला. समोर बसलेल्या पावरा आदिवासींना आमची पुस्तकी मराठी तशीही कळत नव्हती. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांना नाटकातलं काहीतरी समजलं आणि त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. दुसऱ्या दिवशी बाजारात एका म्हाताऱ्या पावऱ्याने मला थांबवून विचारलं, म्हसावदच्या लोकांनी तुमच्या सेनापतीचं असं काय बिघडवलं? मी म्हटलं, जुनं भांडण आहे.

उलटाही प्रकार पाहिला. झिपरू नावाचा एक जण वर्षानुवर्षं नायकाची बदली म्हणून मंडळीत होता. सगळी पदं पाठ, गळा गोड, दिसायलाही बरा. पण नायक होता दणकट. त्याला साधी शिंकसुद्धा येत नसे. झिपरू त्याच्या ताटात प्रेमाने दही वाढायचा, थंडीत स्वतःची उशाकडची खिडकी त्याला द्यायचा. नायक अधिकच टवटवीत व्हायचा. शेवटी एकदा नायकाची सासू वारली आणि झिपरूचा दिवस उगवला. सकाळपासून त्याने आनंदाने इतकी तालीम केली, इतकी केली, की संध्याकाळपर्यंत त्याचा गळा पार बसला. खेळ रद्द झाला. पुढे त्याने नंदुरबारला स्टेशनबाहेर चहाचं दुकान टाकलं. चहा उत्तम करायचा, आणि दुकानात गायचा तर बाहेर माणसं थांबायची.

अशा गमती पुष्कळ आहेत. पण बदली या शब्दाने मला आठवतात ते सुपडूआप्पा, आणि ते आठवले की गंमत मागे पडते.

सुपडूआप्पा म्हणजे आमची नायिका. पुरुषांनी स्त्रियांच्या भूमिका करण्याचे ते अखेरचे दिवस होते. मोठ्या शहरांत ती पद्धत कधीच मोडली होती, आमच्याकडे मोडायला वेळ लागत होता. आप्पा प्रकाशाच्या बाजूचे, सधन शेतकरी घरातले. उंच, नाकेले, बोलणं अस्सल अहिराणी, चालणं दणदण. पण लुगडं नेसून विंगेत उभे राहिले की खांदे उतरत, मान कलत असे आणि सहा महिन्यांचं लेकरू घेऊन पहिल्यांदा माहेरी आलेल्या लेकीसारखी ती बाई रंगमंचावर यायची. हे ते कुठे शिकले? प्रकाशाच्या घाटावर. पाणी भरणाऱ्या, धुणं धुणाऱ्या बायकांकडे पाहून.

या धंद्याची त्यांनी दिलेली किंमत लोकांना ठाऊक नव्हती. आपल्याकडे बाप जिवंत असताना मुलाने मिशी काढायची नसते. मिशी उतरते ती बाप गेल्यावर. आप्पांनी नायिका व्हायचं ठरवलं तेव्हा मिशी काढली. म्हातारा दारात उभा राहिला आणि म्हणाला, "मी जित्ता शे तवलग हाऊ तोंड घरमा आनू नको." आप्पा परत गेलेच नाहीत. वावर भावाकडे राहिलं. बायको-मुली तिथेच, त्या वर्षातून एकदा जत्रेत भेटायला यायच्या.

मी मंडळीत आलो तेव्हा आप्पा पांढरी चारमध्ये गात. पुरुषाच्या गळ्याला ही उंच पट्टी, पण त्यांना ती सहज होती. हळूहळू वय झालं, तंबाखू झाली, कपाशीच्या गावांतली धूळ झाली. वरच्या षड्जाला त्यांच्या मानेची शीर दिसू लागली. तेव्हा मी एक गोष्ट केली, जी प्रत्येक पेटीवाला करतो आणि कोणीच बोलत नाही. दसऱ्याच्या पहिल्या खेळाला मी गुपचूप त्यांना एक पट्टी खाली घेतलं. बापू तबलजी हुशार. त्याने मान वर न करता हातोडीने तबला तेवढा उतरवला. दोनएक वर्षांनी आणखी एक. आप्पा पांढरी चारवरून पांढरी तीनवर आणि तिथून काळी दोनवर आले. ते काही बोलले नाहीत, आम्हीही नाही.

लीला ही या बापूची बायको. नवापूरकडची, अहिराणीत गुजराती मिसळून बोलणारी. नवऱ्याबरोबर मंडळीत आली आणि तबलजीची बायको म्हणून तिला सखीचं काम मिळालं. आमचं सगळ्यात चालणारं नाटक एका वनवासात गेलेल्या राणीचं होतं. त्यात राणीची सखी हातात पंखा घेऊन तिच्यामागे उभी असे. बोलायला चार वाक्यं. त्यामुळे लीलाला राणीचं सगळं नाटक पाठ झालं होतं. शेठनी तिला आप्पांची बदली नेमलं तेव्हा आप्पा म्हणाले, "बरं शे. लुगडं तरी नेसाडानं काम नही."

नवापूरला आप्पांना ताप आला, घसा सुजला, आणि लीला पहिल्यांदा राणी म्हणून उभी राहिली. रिवाजाप्रमाणे मी काळी दोन दिली. तिचा गळा काळी चारचा. पदाची सुरुवात खालच्या सुरांत होती. तिथे तिच्या तोंडून सूर यायच्याऐवजी नुसता वारा येत होता. शिवाय तिने आप्पांना इतकं मन लावून पाहिलं होतं की ती सगळं त्यांच्यासारखं करत होती. पदर सावरणं त्यांचं, मान कलणं त्यांचं, ओळीच्या मध्येच दम घेणं त्यांचं. आप्पा तो दम छाती पुरत नाही म्हणून घेत. तिला गरजच नव्हती. आप्पा बायकांकडे पाहून शिकले आणि ही बाई आप्पांकडे पाहून.

पुरुषोत्तमभाई नावाचे तापीकाठचे एक गुजर शेतकरी आमचे जुने आश्रयदाते. केळीच्या बागा, पांढरंशुभ्र धोतर, पहिल्या रांगेतली ठरलेली खुर्ची; मंडळी कुठेही असो, ते गाडी जुंपून येणार. त्यांना राग-ताल काही कळत नसे, पण कुठे काय बदललं ते बरोबर कळे. खेळ संपल्यावर ते माझ्याजवळ आले आणि गंभीरपणे म्हणाले, "मास्तर, बाई शे, पन बाईना मायेक चालत नही." म्हणजे, बाई आहे, पण बाईसारखी चालत नाही.

लीलाने ते ऐकलं. ती रडली नाही, चिडली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेटी पुसत होतो तिथे येऊन म्हणाली, "मास्तर, एक डाव मन्ही पट्टीमा वाजाडा ना. लोके हसनात ते हसू द्या, पन मन्हा आवाज ते आयकू द्या त्यासले."

मी म्हटलं, "बाई, पट्टी देणं माझ्या हातात नाही. ती आप्पांची."

"मंग तुमना हातमा काय शे?"

मी पुसत राहिलो.

शहाद्याला आमचा मुक्काम कापूस बाजाराजवळच्या धर्मशाळेत होता. एका दुपारी आप्पा जेवून आत लवंडलेले होते. लीला भांडी घासून आली, ओट्यावर बसली आणि माझ्याकडे पाहू लागली. बापू म्हणाला, "मास्तर, काळी चारना तबला मन्हाकडे शे. चार वरीस झायात, फडकामा बांधेल शे. काढू कसा, आप्पासना अपमान व्हई." पण त्याने तो काढला. लहान तोंडाचा, सुबक तबला होता. त्याने तो ठोकून लावला, मी काळी चारवर बोट ठेवलं, आणि लीलाने राणीचं तिसऱ्या अंकातलं पद म्हटलं.

आवाजाचं वर्णन करायला मला येत नाही, करूही नये. एवढंच सांगतो की बाजारात गाडी सोडून बसलेले कपाशीवाले उठून धर्मशाळेच्या दारात आले, आणि आमचा स्वयंपाकी, जो कोणाचंही गाणं चालू असलं तरी मसाला वाटायचा, त्याचा वरवंटा थांबला. पद संपल्यावर आतून आप्पांचा आवाज आला, "च्या व्हयना का?" बस, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच पेटी उघडून सुरांतली धूळ फुंकत होतो. आप्पा समोर येऊन उकिडवे बसले.

"मास्तर, मन्ही पट्टी आते कोनती शे?"

"तीच की, आप्पा."

"पांढरी चार?"

मी धूळ फुंकली.

"गळा मन्हा शे, मास्तर. तुमी उतारी ऱ्हायनात, बापू उतारी ऱ्हायना, नि माले समजत नही? उपकार शेत तुमना, म्हनीसन बोलनू नही." मग म्हणाले, "पोर चांगली गास. मन्हा कानले समजस ते. पन माले हाई सांगा, नायिका गयी म्हंजे मी कोन? वावर भाऊकडे. घर बापनं. मिशा ते नहीतच. पुरुषनं काम करसू ते लोके हसतीन. मी कोन मंग?"

माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा तो माणूस माझ्यासमोर असं बोलत होता आणि मला फार वाईट वाटत होतं. या धंद्यात नायक म्हातारा झाला तर बाप होतो, खलनायक म्हातारा झाला तर ऋषी होतो. पुरुष-नायिका म्हातारी झाली तर तिचं काय करायचं हे कोणीच ठरवून ठेवलेलं नव्हतं. शेवटी उठताना ते म्हणाले, "सारंगखेडाले मीच गासू. पहिला वन्समोर माले तठेच मिळना व्हता."

सारंगखेड्याची जत्रा म्हणजे आमच्यासाठी वर्षाचा निकाल. दत्तजयंतीला तिथे घोड्यांचा मोठा बाजार भरतो. लांबलांबचे घोडेवाले आणि सौदागर येतात. त्या वर्षी आमच्या तंबूशेजारीच टूरिंग टॉकीजचा तंबू लागला होता. पडद्यावरच्या बायका खऱ्या असतात एवढं तोवर सगळ्या खान्देशाला कळलं होतं. छगनशेठ हवालदिल झाले. त्यांचं म्हणणं, लीलाला उभी करा, फलकावर 'खरी स्त्री' असं मोठ्या अक्षरांत लिहा. आप्पा म्हणाले, मी गाणार. शेठनी आप्पांची पुण्याई आठवली, टूरिंग टॉकीजची रांग पाहिली आणि तोड काढली. दुपारच्या खेळाला आप्पा, खेळ रंगला तर पुढेही आप्पाच. नाही रंगला, तर उरलेली जत्रा लीलाची. आप्पांनी मान डोलावली. ही काय अट आहे हे त्यांना पुरतं समजत होतं, आम्हाला सगळ्यांनाच समजत होतं. सारंगखेड्याला एकदा नायिका बदलली की ती खान्देशभर बदलली.

दुपारचा खेळ यासाठी असे की गाडीवाल्यांना उजेडात गावी परतता यावं. तंबूच्या कापडातून ऊन पिवळं होऊन आत यायचं, बाहेर घोडे खिंकाळायचे. गर्दी चांगली होती. पुरुषोत्तमभाई त्यांच्या खुर्चीत. मी मनाशी ठरवून काळी एक दिली, आणखी खाली. आप्पांनी विंगेतून माझ्याकडे एकदा पाहिलं, पण ते त्याच पट्टीत शिरले.

पहिल्या अंकाचं पहिलं पद निभावलं. दुसऱ्या पदाच्या अंतऱ्यात वरच्या षड्जाला आवाज फाटला. मी भाता मारला, पांघरूण टाकलं. पुढच्या ओळीला पुन्हा फाटला, आणि मी कितीही जोराने पाय मारला तरी आता पांघरूण पुरेना. प्रेक्षकांतून कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. घोड्यांचे सौदागर माना खाली घालून बसले होते. आप्पांनी पद अर्धवट टाकलं नाही. शेवटच्या समेपर्यंत गायले, नमस्कार केला आणि आत गेले. पडदा पडला.

मी रंगपटात धावलो. आप्पा आरशासमोर बसले होते. त्यांनी नथ काढली, टोप काढला, आणि हाक मारली, "लीला, आठे ये." लीला सखीच्या कपड्यांत दारात उभी होती. त्यांनी तिला आपल्या जागेवर बसवलं. स्वतःच्या अंगावरचा शालू उतरवून तिला नेसवला, निऱ्या स्वतः घातल्या, टोपाची आता गरजच नव्हती म्हणून तिचा अंबाडा मोकळा करून केस नीट केले. शेठ दारात आले, पाहिलं आणि परत गेले. चालू खेळात नायिका बदलण्याचा प्रकार मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही.

मी विचारलं, "आप्पा, पट्टी?"

रिवाज मला ठाऊक होता, पण विचारणं भाग होतं. आप्पा उठले. अंगावर धोतर-बंडी, चेहऱ्यावर राणीचा रंग तसाच, कपाळावर चंद्रकोर. ते माझ्याबरोबर पडद्याबाहेर आले, सगळ्या तंबूच्या देखत पायऱ्या उतरले, माझ्या पेटीजवळ आले आणि काळी चारवर बोट दाबून धरलं. माझा पाय भात्यावर नव्हता. मी तो ठेवला, आणि सूर निघाला. आप्पा बापूला म्हणाले, "ल्हाना तबला काढ." बापूने फडक्याची गाठ सोडली. प्रेक्षकांना त्यातलं काय कळलं कोण जाणे, पण पुरुषोत्तमभाई खुर्चीतून उठून उभे राहिले आणि आप्पा आत जाईपर्यंत बसले नाहीत.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला राहणार नाही. दुसऱ्या अंकात लीलाने तंबू डोक्यावर घेतला. टूरिंग टॉकीजची रांग आमच्याकडे वळली. महाराष्ट्र-गुजरात वेगळे झाले त्याच्या आगेमागे तिचं नाव जळगाव-धुळ्यापर्यंत पोचलं, मग ती पुण्याच्या मंडळ्यांत गेली. बापूही गेला. रेडिओवर तिचं गाणं लागलं की नंदुरबारच्या पानठेल्यांवर लोक 'आपली लीलाबाई' म्हणत. ज्यांनी नवापूरला तिला नावं ठेवली होती, ते सगळ्यात मोठ्याने. आप्पा मंडळीतच राहिले, मुलींना चालणं-बोलणं शिकवत. मंडळी बुडाली ती साखर कारखान्यांच्या आणि सिनेमांच्या दिवसांत, हळूहळू, कोणाच्या चुकीने नाही. मी नंतर शाळेत संगीत शिक्षक झालो. पोरांना प्रार्थना शिकवली, निवृत्त झालो. त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

पण त्या दुपारी एक अडचण कोणाच्याच लक्षात आली नव्हती. लीला राणी झाली, मग सखी कोण? दुसरी बाई मंडळीत नव्हती आणि तयार पुरुष एकही नव्हता. दुसऱ्या अंकाचा पडदा वर गेला तेव्हा राणीमागे पंखा घेऊन आप्पा उभे होते. सखीचं साधं हिरवं लुगडं नेसून, मान कलती ठेवून, चार वाक्यांची तीच भूमिका. त्यांनी पंख्याने तिला वारा घातला, ती चार वाक्यं एकाही शब्दावर जोर न देता बोलले, आणि प्रेक्षक आपल्याकडे पाहू लागले असं वाटलं की अर्धं पाऊल मागे सरले.

तिसऱ्या अंकात वनवास संपतो आणि राणी सिंहासनासमोर उभी राहते. तिला पहिला मुजरा करते ती सखी. सखीने पार वाकायचं, कपाळ राणीच्या पावलांना लागेल इतकं, आणि राणीने तसंच ताठ उभं राहून पद सुरू करायचं. लीलाने हा मुजरा आप्पांना शेकडो वेळा केलेला. आता आप्पा तिच्यापुढे आले. वडिलांच्या वयाचा माणूस, ज्याने तासाभरापूर्वी स्वतःच्या हाताने तिला शालू नेसवला, तो वाकला. लीलाचा चेहराच बदलला. तिने एक पाऊल मागे घेतलं आणि हात खाली नेले, त्यांना उठवायला, नाहीतर स्वतःच त्यांच्या पायावर पडायला. ती पडली असती तर राणी संपली असती, नाटकही तिथेच संपलं असतं.

मी रंगमंचाला लागून बसलो होतो, म्हणून मला ऐकू आलं. आप्पांनी डोकं वर केलं नाही. जमिनीकडे पाहतच दबक्या आवाजात म्हणाले, "मांगे सरकू नको. उभी ऱ्हाय. आते तू राणी शेस."

ती उभी राहिली. मी काळी चार दिली.